पालथ्या नगरीत मद्याच्या खुणा : पैठणमधील एक पायी फेरी

१/ पैठण म्हटले की संत एकनाथ आठवतात, पैठणी आठवते, जायकवाडीचा नाथसागर आठवतो. मद्य कोणालाही आठवत नाही. तरीही गेली दोन वर्षे थंडीच्या दिवसांत मी या गावात 'पैठणचा मद्यवारसा' नावाची एक पायी फेरी नेते. आज ती फेरी या धाग्यातून आपण सारे मिळून करू. पहिल्या वर्षी त्या फेरीत मी केलेली एक चूकही वाटेत सांगणार आहे. #धागा #इतिहास #पैठण

२/ मी पाचोडची. आमचे गाव मोसंबीच्या बाजारासाठी ओळखले जाते आणि पैठण हा आमचा तालुका. इतिहासात पदव्युत्तर शिक्षण घेताना सातवाहनकालीन व्यापार हा माझ्या आवडीचा विषय झाला, आणि त्यातूनच ही फेरी सुचली. चार मैत्रिणींनी भित्तिपत्रक तयार केले. ते भ्रमणध्वनीवर आजीला दाखवले. तिने चष्मा सावरून नाव वाचले आणि विचारले, "काय गं बाई, दारूचा बी वारसा असतो व्हय?"

३/ आजीचा धाकटा भाऊ दारूपायी गेला. माहेरच्या गावी 'आडवी बाटली'चे मतदान झाले तेव्हा ती रांगेत उभ्या राहिलेल्या बायकांची आजही आठवण काढते. तिच्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हते. 'आजी, ही दारू नाही, वाईन आहे' असे म्हणणे सोपे होते. पण ते उत्तर खरे आहे का, हेच मला ठाऊक नव्हते. ही फेरी त्या प्रश्नाच्या मागे चालते, असे समजा.

४/ थांबा पहिला : पालथी नगरी. जुन्या प्रतिष्ठानाचे अवशेष ज्या टेकाडांखाली दडले आहेत, त्यांना गावकरी 'पालथी नगरी' म्हणतात. सातवाहनांची राजधानी म्हणून गाजलेले नगर ते हेच. निजाम राजवटीत १९३० च्या दशकात येथे उत्खनन झाले. पावसाळ्यानंतर मातीतून खापरे डोकावतात. फेरीचा पहिला नियम मी येथेच सांगते : पाहायचे, टिपायचे, उचलायचे काहीही नाही. जागेवरून हललेले खापर मुके होते.

५/ या नगराचे नाव समुद्रापार पोहोचले होते. इसवी सनाच्या पहिल्या शतकाच्या मध्यास ईजिप्तमधील एका ग्रीकभाषक व्यापाऱ्याने 'पेरिप्लस' नावाची मार्गदर्शिका लिहिली. तांबड्या समुद्रापासून भारतापर्यंतच्या बंदरांची ती माहिती आहे. लेखकाचे नाव आपल्यापर्यंत आलेले नाही. तो सांगतो की बारिगाझा, म्हणजे भडोच, येथून दक्षिणेस वीस दिवसांच्या वाटेवर पैठण आहे आणि तेथून पूर्वेस सुमारे दहा दिवसांवर तगर, म्हणजे आजचे तेर.

६/ पैठणहून भडोचला काय जात असे? अकीक-गोमेदासारखे रंगीत खडे, तेही गाड्यांवर लादून, धड रस्ता नसलेल्या मुलखातून. आणि भडोचला बाहेरून काय येत असे? आयातीच्या यादीत आरंभीच मद्य आहे : सर्वाधिक पसंती इटलीच्या मद्याला, त्यानंतर सीरियातील लाओदिकेयाचे आणि अरबस्तानातले. मग तांबे, कथील, शिसे, पोवळे आणि इतर माल.

७/ आता ती यादी पुढे वाचा. बाजाराचा माल संपल्यावर राजासाठी आणायच्या वस्तूंची वेगळी नोंद आहे : मौल्यवान चांदीची भांडी, गाणारी-वाजवणारी दास मुले, अंतःपुरासाठी सुंदर मुली, उत्तम प्रतीचे मद्य, उंची वस्त्रे, सुगंधी लेप. बाजाराचे मद्य निराळे, राजाचे निराळे. आणि राजाच्या मद्याच्या ओळीतच विकत आणलेली माणसे. 'वारसा' हा शब्द उच्चारताना ही ओळ वगळता येत नाही. फेरीत मी ती मोठ्याने वाचते आणि थोडा वेळ काही बोलत नाही.

८/ येथे आणखी एक सावधगिरी हवी. तो राजा पैठणचा नव्हे! भडोचचा तो राजा म्हणजे क्षहरात क्षत्रप नहपान, सातवाहनांचा कट्टर प्रतिस्पर्धी, असे अभ्यासक मानतात. सातवाहनांच्या कल्याण बंदराकडे वळलेली ग्रीक जहाजे पहाऱ्याखाली भडोचला नेली जात, असेही पेरिप्लसच सांगते. पुढे गौतमीपुत्र सातकर्णीने नहपानाचा पराभव केला. नाशिकजवळ जोगलटेंभी येथे १९०६ मध्ये सापडलेल्या तेरा हजारांहून अधिक नाण्यांत नहपानाच्या हजारो नाण्यांवर त्याने आपला ठसा पुन्हा मारलेला दिसतो.

९/ म्हणून 'सातवाहन राजे इटलीचे मद्य पीत' असे विधान पेरिप्लसच्या आधारे करता येत नाही. एवढेच म्हणता येते की पैठणचे गाडे ज्या बंदरात खडे उतरवीत, त्या बंदरात मद्याचे कुंभ उतरत. गाडा रिकामा परत येत नसतो, ही व्यापाराची साधी रीत आहे. मात्र परतीच्या गाड्यावर मद्य होतेच, हा अनुमानाचा भाग. पुरावा कोठे थांबतो आणि अनुमान कोठे सुरू होते, ती रेघ प्रत्येक थांब्यावर आखायची, हा फेरीचा दुसरा नियम.

१०/ अनुमान करायचेच तर वजनाचा हिशेब करून करू. त्या काळात इटलीचे मद्य दोन कानांच्या, निमुळत्या बुडाच्या मातीच्या कुंभात येई. त्याला अँफोरा म्हणतात. एका प्रचलित प्रकारात सुमारे २५ लिटर मद्य मावे आणि रिकाम्या कुंभाचेच वजन दहा-बारा किलोंच्या पुढे असे. असे कुंभ वीस दिवस, घाट चढवून, खाचखळग्यांतून बैलांनी ओढायचे! पैठणला पोहोचेतो त्या मद्याची किंमत काय होत असेल? ते सामान्य माणसाच्या घशाखाली उतरणे शक्यच नव्हते.

११/ मग घेणारे कोण? पैठणला श्रीमंत व्यापारी होते, याला शिलालेखांचा आधार आहे. कन्नड तालुक्यातील पितळखोरे लेण्यांत पैठणच्या दात्यांची नावे कोरलेली आहेत. त्यांपैकी एक मितदेव. तो 'गांधिक', म्हणजे सुगंधी द्रव्यांचा व्यापारी. त्याने लेण्यातील खांबासाठी दान दिले. मितदेव मद्य पीत होता असे मी म्हणत नाही. पण दूरदेशीचा महाग माल विकत घेऊ शकणारा वर्ग या नगरात होता, हे त्या खांबावरून कळते.

१२/ थांबा दुसरा : बाळासाहेब पाटील शासकीय पुराणवस्तुसंग्रहालय. पैठणच्या मातीतून मिळालेल्या असंख्य वस्तू एका माणसाच्या आयुष्यभराच्या छंदामुळे टिकल्या, त्याचे हे दालन. मणी, मृण्मूर्ती, नाणी, भांडी पाहताना प्राचीन नगर डोळ्यांपुढे उभे राहते. आणि येथेच, पहिल्या वर्षी, मी ती चूक केली.

१३/ मी तोऱ्यात सांगितले, "महाराष्ट्रात जागोजागी रोमन मद्याचे अँफोरे सापडले आहेत. जुन्या उत्खनन अहवालांत तसे स्पष्ट लिहिलेले आहे." ऐकणाऱ्यांत पुरातत्त्वाचा एक विद्यार्थी होता. त्याने हळूच विचारले, "ताई, आतून काळा लेप असलेली खापरेही त्यात धरलीत का?" मला प्रश्नच कळला नाही. घरी येऊन वाचायला बसले तेव्हा पायाखालची जमीन सरकली.

१४/ झाले होते असे : गेल्या शतकात भारतात परदेशी कुंभाचे जाड खापर मिळाले की बहुधा 'रोमन अँफोरा' अशी नोंद होई. २००० नंतर रॉबर्टा टॉम्बर या संशोधिकेने भारतभरच्या संग्रहांतील ही खापरे पुन्हा तपासली. त्यांतील बरीच रोमन नव्हती. ती मेसोपोटेमिया आणि इराणी आखाताच्या परिसरातील लांबट, बिनकानी कुंभांची होती. झिरपू नये म्हणून त्यांना आतून नैसर्गिक डांबराचा लेप दिलेला असे. आकारावरून अभ्यासक त्यांना 'टॉर्पेडो जार' म्हणतात.

१५/ या दुरुस्तीने नुसते नाव बदलत नाही, काळ आणि दिशाही बदलतात. रोमन अँफोरे प्रामुख्याने इसवी सनाच्या आरंभीच्या शतकांतले. टॉर्पेडो जारांची परंपरा पार्थियन काळातून सासानी आणि पुढे आरंभीच्या इस्लामी काळापर्यंत चालते. म्हणजे आपण ज्याला 'रोमशी व्यापार' म्हणत होतो, त्यातला मोठा वाटा इराणी आखाताशी होता आणि तो रोमन व्यापार ओसरल्यावरही चालू होता. त्या कुंभांत मद्य असावे असा कयास प्रबळ आहे. मात्र प्रत्येक कुंभात मद्यच होते असे नाही.

१६/ आमच्या परिसरात असे आयात कुंभ मिळाले ते प्रवरेकाठच्या नेवाशाला, जेथे ह. धी. सांकलिया यांनी १९५० च्या दशकात उत्खनन केले, आणि तेरला. तेरच्या लामतुरे संग्रहालयातील हस्तिदंती स्त्रीमूर्ती आपण पाहिली असेलच. आता माझ्या फेरीतील वाक्य बदलले आहे : "दख्खनमध्ये पश्चिमेकडून कुंभ येत होते, काही रोमन जगातून, काही इराणी आखाताकडून." पूर्वीसारखी टाळी या वाक्याला पडत नाही. पण ते खरे आहे.

१७/ घाईने चिकटवलेल्या नावाचे आणखी एक उदाहरण आपल्याच जिल्ह्यात आहे. अजिंठ्याच्या लेणे क्रमांक १ च्या छतावर परदेशी टोप्या-अंगरख्यांतील माणसे पेयपात्रांसह रंगवलेली आहेत. एकोणिसाव्या शतकात जेम्स फर्ग्युसन यांनी मधली व्यक्ती म्हणजे इराणचा सम्राट खुस्रो दुसरा, असे मांडले. पण खुस्रो सातव्या शतकाच्या आरंभीचा, आणि ही चित्रे आता पाचव्या शतकाच्या उत्तरार्धातली मानली जातात. सम्राट गळून पडला. उरली ती एक साधी गोष्ट : अजिंठ्याच्या चित्रकाराला मद्य म्हटले की इराणी वेशातला माणूस सुचत होता. टॉर्पेडो जारांशी हे किती जुळते, पाहा!

१८/ थांबा तिसरा : नागघाट. ज्ञानेश्वरांनी रेड्यामुखी वेद वदवले ती कथा येथली. १९९० च्या दशकात भारतीय आणि ब्रिटिश संशोधकांनी पैठणला केलेल्या उत्खननात प्राचीन विटांच्या मंदिराचे अवशेष मिळाले. त्याचा सविस्तर अहवाल २०२० मध्ये ग्रंथरूपाने आला. घाटाच्या पायऱ्यांवर बसून आम्ही शब्दांकडे वळतो. कारण खापराइतकाच शब्दही पुरावा असतो.

१९/ कौटिल्याच्या अर्थशास्त्रात 'सुराध्यक्ष' या अधिकाऱ्यावर स्वतंत्र अध्याय आहे. त्यात मेदक, प्रसन्ना, आसव, अरिष्ट, मैरेय आणि मधु असे प्रकार सांगितले आहेत. यांतील 'मधु' म्हणजे द्राक्षाचे मद्य. त्याची नावे प्रदेशावरून पडली : कापिशायन आणि हारहूरक. कापिशी म्हणजे आजच्या अफगाणिस्तानातील बेग्रामचा परिसर. म्हणजे द्राक्षाचे मद्य शास्त्रकाराच्या लेखीही दूर वायव्येकडचे होते. तांदळाच्या वा पिठाच्या आंबवणीचे पेय घरचे, द्राक्षाचे परक्या मुलखातले.

२०/ तोच अध्याय पानगृहांत स्वतंत्र दालने, आसने, गंध आणि माळा असाव्यात असे सांगतो. आणि तोच मद्य गावाबाहेर नेऊ देऊ नये, ओळखीच्या माणसालाच मोजके द्यावे, असेही बजावतो. एकीकडे उत्पन्न, दुसरीकडे धाक. राज्यसंस्थेचा मद्याशी असलेला हा दुटप्पी व्यवहार किमान दोन सहस्रकांचा आहे. उत्पादन शुल्काचे आकडे आणि दारूबंदीचे फलक एकाच शासनाकडून येतात, हे आपण आजही पाहतोच.

२१/ सर्वसामान्यांचे काय? सातवाहन राजा हाल याच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या गाथासप्तशतीत शेत, नदी, विरह, संसार यांच्यासोबत मद्याने आरक्त झालेले चेहरेही येतात. मद्य तेथे लपवण्याजोगी गोष्ट नाही आणि मिरवण्याजोगीही नाही. पण काव्यात सुखाचा क्षण टिकतो. दुसऱ्या दिवशीची रिकामी चूल टिकत नाही. आजीच्या भावासारख्यांची कोणी गाथा रचली नाही. पुराव्याचे हे एकांगीपण ओळखणे हेही इतिहासाचेच काम आहे.

२२/ पुढची काही शतके ओलांडू. दहाव्या शतकाच्या आरंभी, राष्ट्रकूटांच्या काळात, अरब लेखक मसूदी पश्चिम भारतात आला. तो लिहितो की येथील लोक मद्य टाळतात. धर्माज्ञा म्हणून नव्हे, तर बुद्धी झाकोळते म्हणून. आणि राजा पितो असे सिद्ध झाले तर तो राज्याला अपात्र ठरतो. प्रवासी ज्या वर्गात वावरतो त्याचे आदर्श लिहून ठेवतो, हे लक्षात घेऊनही नोंद मोलाची आहे. मद्याविषयीचा संकोच ही इंग्रजी राजवटीची देणगी नव्हे, एवढे तरी त्यावरून ठरते.

२३/ आता घाटावरूनच नजर उत्तरेकडे, दौलताबादकडे वळवू. कारण पैठणच्या परिसरात द्राक्षवेलीचा ठळक उल्लेख येतो तो तेथे. मुहम्मद तुघलकाचा दूत म्हणून चीनकडे निघालेला इब्न बतूता १३४० च्या दशकाच्या आरंभी दौलताबादला आला. तेथे द्राक्षे आणि डाळिंबे होतात व वर्षातून दोनदा फळतात, अशी त्याची नोंद आहे. फळबागांवरील लिखाणात मात्र ही भेट '१४३०' ची म्हणून सांगितलेली आढळते. चौदाव्या शतकातच निवर्तलेला माणूस १४३० मध्ये कसा येईल? कोणी तरी आकडे उलटे लिहिले आणि पुढच्यांनी ते उतरवून घेतले!

२४/ 'दोनदा फळतात' हे मात्र खोटे वाटत नाही. आपल्या उष्ण हवेत द्राक्षवेल थंड देशांतल्यासारखी हिवाळी झोप घेत नाही. म्हणून महाराष्ट्रातील बागायतदार एप्रिलच्या सुमारास खरड छाटणी आणि ऑक्टोबरच्या सुमारास फळ छाटणी करतात. छाटण्या दोन, पीक एक. इब्न बतूताने वेली पाहिल्या. तेथे मद्य गाळले जात होते असे त्याची ही नोंद सांगत नाही. मद्य परदेशातून येत होते तेव्हा वेल येथे ठळक दिसत नाही, आणि वेल येथे रुजलेली दिसते तेव्हा ती फळासाठी. पैठण परिसराच्या 'मद्यवारशा'चे सार बहुधा एवढेच आहे.

२५/ शेवटचा थांबा : नाथांचा वाडा. सोळाव्या शतकात एकनाथ येथे राहिले. या दारात मद्याविषयी बोलावे का, असे एका आजोबांनी मला विचारले होते. मी म्हटले, बोलू नये असे वाटत असेल तर आपण गप्प बसू. थोड्या वेळाने तेच म्हणाले, "बोल पोरी. नाथांनी समाजातली कोणती गोष्ट टाळली होती?" मग मी २०२२ ची गोष्ट सांगितली. त्या वर्षी जानेवारीत राज्य मंत्रिमंडळाने मोठ्या किराणा दुकानांतून वाईन विकू देण्याचा निर्णय घेतला आणि 'वाईन म्हणजे दारू नव्हे' यावर महाराष्ट्रभर वाद पेटला.

२६/ तो वाद नवा वाटला तरी त्याची रेघ जुनी आहे. पेरिप्लसच्या यादीत राजाचे मद्य आणि बाजाराचे मद्य वेगळे आहे. अर्थशास्त्रात दूरदेशीचे मधु आणि घरची सुरा वेगळी आहे. द्राक्षबागायतदाराला भाव मिळावा, ही मागणी न्याय्यच आहे. पण 'हे सुसंस्कृत पेय, ते व्यसन' अशी विभागणी करताना आपण पेयाविषयी बोलत असतो की पिणाऱ्याच्या ऐपतीविषयी, हे स्वतःला विचारले पाहिजे. इतिहास निर्णय देत नाही. मात्र प्रश्न कोणत्या वयाचा आहे ते सांगतो.

२७/ यंदा फेरीहून परतल्यावर आजीला सारे सांगितले : राजाची यादी, विकत आणलेली मुले-मुली, डांबर लावलेले कुंभ, दोनदा फळणारी वेल. ती शेवग्याच्या शेंगा मोडत ऐकत होती. म्हणाली, "म्हंजे तवाबी पिणारा एक आन् भोगणारा दुसराच." दोन वर्षे मी ज्या उत्तरामागे होते, ते तिने एका वाक्यात दिले. वारसा असतो, आजी. पण तो केवळ पेल्याचा नसतो. पेला भरणाऱ्याचा, गाडा ओढणाऱ्याचा आणि रांगेत उभे राहून बाटली आडवी करणाऱ्या बायकांचाही असतो.

२८/ आता भित्तिपत्रकावर नाव तेच आहे. खाली एक ओळ वाढवली आहे : 'या फेरीत मद्याचे एकही तळघर दिसणार नाही.' तरीही लोक येतात. तुमच्या गावातही असा एखादा न शोधलेला विषय असेल. फिरा, विचारा, चुका करा आणि चूक कळली की ती सर्वांसमोर दुरुस्त करा. धागा येथे संपवते. पैठणला आलात तर पालथ्या नगरीवर जरूर जा. खापर दिसले तर वाकून पाहा आणि तेथेच राहू द्या. 🙏